सुशीलाआत्याच्या घरात कांदा नव्हता

हिमायतनगरच्या सुशीलाआत्याच्या घरात कांदा येत नसे. शेजारच्या बायकांना वाटायचं, विधवा बाई आहे, देवाधर्माची असेल. कसली देवाधर्माची! लसणाचा ठेचा ती बोटं चाटून खायची. कांद्याचं खरं कारण मला माझ्या वडिलांनी, मुकुंदरावांनी, सांगितलं. आत्या त्यांची थोरली बहीण.

परभणीकडच्या शेतकऱ्याची मुलगी ती, पण नवरा मिळाला विमान चालवणारा. भगवंतराव एका गिरणीवाल्या शेठचं छोटं, दोन माणसांचं विमान चालवायचे. तेव्हा ते हैदराबादला काचीगुड्यात राहायचे. बेगमपेठेच्या विमानतळावरून उडाले की घरावरून एक घिरटी मारायचे आणि आत्या गच्चीवरून पदर हलवायची. लोक म्हणायचे, काय कौतुक आहे! कौतुक कुठलं, ते परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

छप्पन सालच्या संक्रांतीला जेवता जेवता भगवंतरावांनी मान टाकली. डोळे पांढरे, अंग लुळं. माहेरी फेफरं आलेल्या माणसाला करतात तेच आत्यानं केलं. बुक्कीनं कांदा फोडला आणि त्यांच्या नाकाशी धरला. ते शुद्धीवर आले. होळीच्या सुमारास पुन्हा तसंच झालं, पुन्हा कांदा. झटका आपला आपणच ओसरत असणार, पण तिचा विश्वास कांद्यावर बसला.

डॉक्टरला कळलं असतं तर विमानाचा परवाना गेला असता. भगवंतरावांनी तिला कुंकवाची शपथ घातली. "नोव्हेंबरात राज्य फुटलं की परभणीला जाऊ, शेती बघू. तोवर कुणापाशी बोलायचं नाही." मला या माणसाचा अजून राग येतो. स्वतःच्या जिवाची शपथ बायकोला घालायची आणि तोच जीव घेऊन आभाळात जायचं!

हैदराबाद राज्य मोडणार म्हणून काचीगुड्यातली मराठी घरं उदास होती. कोण इथं राहणार, कोण मराठवाड्यात जाणार, दुसरा विषय नव्हता. आत्या तेवढी मनातून म्हणत होती, मोडू दे बाई लवकर.

मे महिन्यात शेठला आणायला विमान औरंगाबादला निघालं. जाताना एक जागा रिकामी होती. वडील सरकारी कचेरीत कारकून, त्यांची बदली औरंगाबादला ठरलेली, तिथं घर बघायचं होतं. "चल की माझ्याबरोबर, दुपारच्या आत पोचवतो," भगवंतराव म्हणाले. वडील हरखले. आत्या मात्र पेचात पडली. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ, आणि मध्ये ती शपथ.

शेवटी तिनं वडिलांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि त्यांच्या खिशात एक कांदा घातला.

"यांना ऊन बाधतंय रे. चक्कर आली तर बाकी सगळं सोड. कांदा फोड अन् नाकाशी धर. शुद्धीवर येईपर्यंत हात काढू नकोस."

"अक्का, उन्हाळ्यात मी तसाही खिशात कांदा ठेवतोच की," वडील हसले. "इतकं काय घाबरतीस?"

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात बाहेरून भगवंतरावांनी हाक मारली.

विमानानं घरावरून घिरटी मारली. त्या दिवशी आत्याचा पदर वर गेलाच नाही. दिवसभर ती गच्चीवर उन्हात बसून राहिली. कुठं मोटारीचा आवाज आला तरी आभाळाकडे बघायची. सांगायला हवं होतं, असं एकदा वाटायचं. लगेच वाटायचं, सांगितलं असतं आणि कुंकवाला काही झालं असतं तर?

दिवस कलताना शेठची गाडी दारात थांबली. ड्रायव्हर अप्पाराव उतरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "अम्मा, जहीराबाद के पास गन्ने के खेत में विमान गिरा बोलके फोन आया. तुम्हारा भाई जिंदा है."

नवऱ्याचं काय झालं ते तिला तेवढ्यावरून कळलं. ती तशीच गाडीत जाऊन बसली.

दवाखान्यात वडिलांचा पाय मांडीपर्यंत बांधलेला होता. बेगमपेठ सुटल्यावर दाजींनी हौसेनं वडिलांच्या पुढ्यातला, विमान चालवायचा दुसरा दांडा त्यांना धरायला दिला होता. नुसता सरळ धर, आपलं आपण जातंय, असं सांगितलं होतं. वडिलांनी बराच वेळ धरलाही होता, आणि विमान नीट चाललं होतं. मग दाजींनी मान टाकली.

आत्या खाटेपाशी बसली. वडिलांनी तिचा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून कांद्याचा वास येत होता.

"अक्का, तू सांगितलंस तसंच केलं गं," ते रडत म्हणाले. "दांडा सोडून दिला, पण दाजींच्या नाकापासचा हात शेवटपर्यंत काढला नाही."