आधी तोंड धुऊन येते

आमच्याकडे फोटो काढायचा म्हटलं की माणूस आधी तोंड धुतो. बीडमधल्या मामाच्या फोटो स्टुडिओत मी हे लहानपणापासून बघत आले. पासपोर्टचा फोटो असो की सोयरिकीसाठी दाखवायचा, आत आलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारणार, "नळ कुठं हाय?" त्यामुळे मामाने चांगल्या कॅमेऱ्याच्या आधी बेसिन बसवून घेतलं होतं. शेजारी पावडरचा डबा आणि दात पडलेला कंगवा. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, पण तोंड धुवायची सवय काही गेली नाही.

मी तोच धंदा धरला. लग्नसराईत लग्नं, आणि एरवी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयासाठी बातम्यांचे फोटो. फोटो छापून आला की खाली बारीक अक्षरात 'छाया : प्रतिनिधी' असं असायचं. मोर्चात धक्के खाल्ले मी, पुढाऱ्यांच्या सभेत "ओ बाई, बाजूला सरका" ऐकून घेतलं मी, आणि नाव प्रतिनिधीचं! म्हणून त्या उन्हाळ्यात दैनिकाने फोटो-पत्रकारितेची स्पर्धा जाहीर केली तेव्हा माझे कान टवकारले. जो पहिला येईल त्याचा फोटो पुरवणीच्या पहिल्या पानावर, नावासकट. शिवाय जिल्हा कार्यालयात फोटोग्राफरची कायमची जागा. मला ती जागा हवी होती. नवरीच्या मामाला "जरा हसा की" म्हणून म्हणून माझाच जबडा दुखायला लागला होता.

स्पर्धेचा विषय होता 'तहानलेला मराठवाडा'. वाचलं आणि डोकंच फिरलं. उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईचे कॅमेरे आमच्याकडे उतरतात आणि सगळ्यांना एकच हवं असतं, भेगा पडलेली जमीन. इथे एका आटलेल्या तलावात भेगांचा झकास पट्टा आहे. तिथे इतके फोटो निघालेत की स्टँडवरचा रिक्षावाला खांद्यावरचा कॅमेरा बघूनच विचारतो, "भेगाचं रान पायजे का? बसा." त्या पट्ट्याला लागून कुणाचा तरी मोसंबीचा बाग आहे, तो मात्र कुणाच्या फोटोत आलेला मी अजून पाहिला नाही. दुष्काळ खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी तो सोसलेला आहे, आईबरोबर घागर घेऊन रांगेत उभं राहून. पण आमच्याकडे बघायचं ते कीव करायलाच, हे ठरवलं कुणी?

तरी स्पर्धेत उतरायचं तर पाण्याचा फोटो हवा. मी गाडीला किक मारली आणि लिंबागणेशच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवर गेले. टँकर यायचा होता. तो आला की वस्तीच्या विहिरीत पाणी सोडतो आणि मग बायका शेंदून घेतात. घागरी रांगेत लावून बायका लिंबाखाली बसल्या होत्या. एक बाई तेवढी उन्हात, पालथ्या घागरीवर बसलेली. पन्नाशीकडे झुकलेली, सकाळभर कुणाच्या तरी रानातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून तशीच आलेली. तोंडावर माती, त्यातून घामाचे ओघळ, ओठ पांढरे पडलेले. मी लांबूनच कॅमेरा उचलला आणि एक फोटो घेतला. मागच्या पडद्यावर बघितला तेव्हा अंगावर काटा आला. बक्षिसाचे फोटो मी पुष्कळ बघितले होते. हा थेट तसाच होता.

"ए बाई, कावून काढला गं माझा फोटू?" तिने तिथूनच आवाज दिला. "इचारलंस का मला?"

मी जवळ गेले. स्पर्धेचं सांगितलं, पेपरचं सांगितलं.

"दाव आदी."

मी दाखवला. तिने डोळे बारीक करून बघितला आणि तोंडावर राग चढला तिच्या. "ह्यो फोटू हाय व्हय? मढ्याला बी आंघोळ घालत्यात, मंगच फोटू काढत्यात. मी तर जिती हाय की! पूस त्याला."

वाद घालता आला असता. बातमीच्या फोटोला कुणाची परवानगी लागत नाही, असं काहीबाही मला बोलता येतं. पण मी बेसिनपाशी वाढलेली मुलगी. तिचं म्हणणं मला जागच्या जागी पटलं. तिच्या डोळ्यांदेखत बटण दाबून मी तो फोटो पुसला.

"आता थांब जरा. आदी तोंड धून येते. जाऊ नगंस हां."

ती घरात गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. लिंबाखालची एक म्हातारी ओरडली, "अगं, डोसकं फिरलं का तुजं? प्याचं पानी हाय ते!"

"पिलेलं कुणाला दिसतंय? तोंड तर दिसतंय," असं म्हणून तिने ओंजळ भरली. बायका हसायला लागल्या. कुणीतरी "हिरोईन!" म्हणून ओरडलं. तिने बेतानेच, पण मन लावून तोंड धुतलं, कानामागे, मानेवर ओला हात फिरवला. आरसा नव्हता, तर माझा मोबाईल मागून घेतला आणि त्यात बघून केस चापून बसवले. पदर डोक्यावर घेतला. मग घागरींच्या रांगेपुढे ताठ उभी राहिली आणि माझ्या कॅमेऱ्याकडे अशी बघायला लागली की मीच क्षणभर गडबडले. हनुवटीला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. मी फोटो घेतला. हाच पाठवायचा, हे मनात पक्कं झालं.

माझं तोंड मात्र गप्प बसत नाही. त्याच संध्याकाळी जिल्हा कार्यालयात गेले आणि चहा पिता पिता आमच्या साहेबांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, मी ही सगळी गंमत रंगवून सांगितली. मढ्याच्या वाक्याला ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पहिला फोटो कुठे आहे?"

"पुसला ना. तेच तर सांगतेय."

"त्यानंतर कार्डावर फार काही काढलंय का?"

"तिचेच एकदोन."

"मग आहे तो." ते खुर्चीत पुढे सरकले. "पुसलेला फोटो लगेच जात नाही, ताई. त्यावर दुसरे फोटो चढले की मग जातो. कार्ड इथे ठेवा, आपला कॉम्प्युटरवाला काढून देईल."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दारावरची पाटी काढली म्हणून माणूस घर सोडून जात नाही, तसंच हे. फक्त मी तो विचार मनात येऊ दिला नव्हता. आता आला आणि बसलाच. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आपल्या पेपरचं बक्षीस आपल्याच ऑफिसात यावं असं मला वाटतं, तेही तुम्हाला. आणि बक्षिसाचं सोडा. तो फोटो पहिल्या पानावर आला तर तहसीलवाले हलतील, वस्तीला टँकरची खेप वाढेल. एका बाईच्या मानापेक्षा वस्तीचं पाणी मोठं नाही का?"

मी पटकन म्हणाले, "इतकी वर्षं आपण तसलीच तोंडं छापली, साहेब. त्यानं किती टँकर वाढले?" पण जिना उतरताना माझंच बोलणं मला पुरतं पटेना. खरंच वाढली खेप तर? मी माझी ऐट मिरवणार आणि लोक तहानलेले राहणार? आणि ती जागाही डोळ्यांपुढून हलत नव्हती. कार्ड उद्या आणून देते, असं सांगून मी निघाले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात न जाता वस्तीवर गेले. जिचा फोटो, तिलाच विचारावं. ती दारात पाखडत बसली होती. मी काही न लपवता सांगितलं. तो पुसलेला फोटो परत निघू शकतो, पेपरात आला तर पाणी वाढेल असं साहेब म्हणतात, मला नोकरी मिळेल, आणि तू नको म्हणालीस तर मी काढणार नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "पान्यासाटी भांडाया आमी हाव की. मागच्या बारीला तहशीलीत मीच गेलते, चार बाया घिऊन. सायबाच्या टेबलापुढं बसले, उठलेच न्हाई. तवा ह्यो टँकर लागला." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मला तोंड हाय, बाई. त्येनं मी बोलते. नुसतं दावाया न्हाई त्ये."

माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. "मग वस्तीतल्या समद्यांना सांग," मी म्हणाले, "ज्याला फोटो पाहिजे त्यानं तोंड धुऊन यावं. फुकट."

टँकर सकाळीच येऊन गेला होता, घराघरांत पाणी होतं. वस्ती लोटली. लेकीसुना आल्या, इस्त्रीचं धोतर नेसून एक आजोबा आले, काजळाचं बोट लावलेलं तान्हं आलं. काल ओरडलेली म्हातारीही आली आणि तोंड धुवायला तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. एकेकाचे मी हवे तेवढे फोटो काढले. काढत राहिले, कार्ड भरलं असं कॅमेरा सांगेपर्यंत. त्या सगळ्या फोटोंखाली पहिला फोटो कायमचा गाडला गेला. मला जरासुद्धा हळहळ वाटली नाही, उलट चेव चढला होता.

कार्यालयात जाऊन मी भरलेलं कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर मात्र खदाखदा हसला. "बक्षीस का? आता जा, तोंड धुऊन या, ताई!"

"धुतलेलंच पाठवतेय," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोरच स्पर्धेसाठी ती ताठ उभी असलेली बाई पाठवली.

निकालाचा कार्यक्रम संभाजीनगरला एका सभागृहात होता. निवडलेले फोटो पडद्यावर दाखवून परीक्षक त्यांच्यावर बोलत होते. माझाही लागला. पडद्यावर ती भिंतीएवढी झाली आणि मला एकदम तिचा अभिमान वाटला. परीक्षक म्हणाले, "प्रकाश चांगला पकडलाय. पण ही कॅमेऱ्याकडे बघतेय, तयार होऊन उभी आहे. यात वेदना कुठे आहे? फोटोग्राफर आहेत का इथे?"

मी उभी राहिले.

"तुम्ही तिला तोंड धुवायला सांगितलंत का?"

"नाही," मी म्हणाले. "तिनं मला थांबायला सांगितलं."

"म्हणजे त्याच्या आधीचा क्षण तुम्ही सोडलात. खरा फोटो तोच होता."

"तो तिचा नव्हता. तसं तीच म्हणाली. आणि वेदना असेल तिला, सर. ती तुम्हाला दाखवायची नाही तिला."

सभागृहात थोडी कुजबुज झाली. परीक्षकांनी माईक नीट केला आणि पुढचा फोटो लावायला सांगितलं. मला बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थही नाही. जागा दुसऱ्याला गेली. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून मी गेवराईपर्यंत रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रडले तरी कार्ड भरल्याचा पश्चात्ताप झाला नाही. आज लग्नसराईत पुन्हा नवरीच्या मामाला हसवते आणि बातमीच्या फोटोखाली अजून प्रतिनिधीच असतो.

निकालानंतरच्या आठवड्यात तिचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून मी वस्तीवर नेऊन दिला. तिने तो पदराने पुसला, उजेडाकडे धरून बघितला आणि खूष झाली. मग म्हणाली, "नंबर आला का?"

"नाही आला."

"मंग कुनाचा आला?"

माझ्या पिशवीत पुरवणी होती, ती मी तिच्यापुढे उघडली. पहिल्या पानावर दुसऱ्या जिल्ह्यातली एक म्हातारी होती. रिकामा हंडा, तोंडाला माती, डोळ्यांत पाणी. खाली फोटोग्राफरचं नाव ठळक छापलेलं. म्हातारीचं नाव नव्हतं.

तिने त्या म्हातारीचं तोंड निरखून बघितलं. मग हळूच म्हणाली, "हिला कुनी इचारलं न्हाई व्हय गं, तोंड धुती का म्हनून?"