पाऊण इंच

हार्लन डायखाउस मिशिगनमधल्या टेबलांच्या कारखान्यात चौतीस वर्षं होता, आणि चौतीस वर्षं त्याने टेबलांचे फक्त डावे खण केले. उजवे खण करणारा माणूस वेगळा होता. त्याच्याशी हार्लनचं कधी पटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी तो मला म्हणाला, “मी आयुष्यात एकही वस्तू पुरी केलेली नाही.” शेजारी या नात्याने मी मान डोलावली. आमच्या घरांमधलं त्याने घातलेलं कुंपणही अर्धंच होतं.

या ऑगस्टात मात्र त्याने ठरवलं की, कौंटीच्या जत्रेच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाचं घड्याळ ठेवायचं. दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर ठेवतात तसलं, ओकच्या लाकडाचं, तबकडीखाली चौकोनी टाइल. टाइल त्याची बायको कोरिन करणार होती: लव्हाळ्यात उभा बगळा, हिरवी झिलई. तिने कागदावर नक्षी काढून दिली. त्याने पट्टी लावली. सहा इंच. त्या मापाने खोबण कापून त्याने घड्याळाचा सांगाडा जोडला, चिकटवला, आणि आमच्याकडे करतात तसा अमोनियाच्या वाफेत दिवसभर कोंडला. लाकूड मधासारखं तपकिरी झालं. हार्लन ते बघायला लोकांना रस्त्यावरून ओढून आणायचा.

गुरुवारी सकाळी कोरिन भट्टीतून टाइल घेऊन आली. हार्लनने ती खोबणीत ठेवली. ती तिथे थांबली नाही; आरपार जाऊन त्याच्या तळहातावर थांबली. सव्वापाच इंच.

“तू कापलीस ही?”

“मी कशाला कापू? भट्टीत आकसते. माती आहे ती, हार्लन.”

“मग सांगायचं नाही?”

“यात सांगायचं काय? लाकडात गाठी असतात, हे तू मला सांगतोस?”

“आकसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. माझे तीन स्वेटर तुझ्याच हातून गेले.”

“चार.”

दुसरी टाइल करायला दहा दिवस लागणार होते. नोंदणी शनिवारी दुपारी बाराला बंद. कोरिन म्हणाली, “दुकानातली आण. मापात असते, सहा इंची.” हार्लनने तिच्याकडे असं पाहिलं की मी निघायला उठलो.

“बस खाली!” तो ओरडला. “आत दुसरी चौकट! बारीक! चारी बाजूंनी पाऊण इंचाचं निम्मं!” आणि धावत सुटला. त्याला धावताना मी प्रथमच पाहत होतो. त्यालाही सवय नसावी. मूळ फळीचा उरलेला तुकडा त्याला सापडला. त्याच फळीचा असल्याने रंग जुळायला हवा होता. तुकड्याच्या पट्ट्या कापून त्याने त्या माझ्याकडच्या एका झाकणाच्या डब्यात अमोनियाच्या वाटीशेजारी ठेवल्या. शुक्रवारभर तो दर तासाला झाकण उघडायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, “होतंय, होतंय!” दर वेळी वाफ निघून जात होती, हे त्याला सांगायची हिंमत कोणी केली नाही.

शनिवारी सकाळी पट्ट्या जुळल्या. तंतोतंत. कोपरे असे बसले की नख शिरेना. हार्लनने कोरिनला उचललं, लगेच खाली ठेवून स्वतःची पाठ धरली, आणि बाराला दहा मिनिटं असताना आम्ही नोंदणीच्या टेबलापाशी पोचलो.

टेबलामागे नोंदणी करणाऱ्या पोस्टमाबाईंनी अर्ज पुढे सरकवला. “बनवणाऱ्याचं नाव. एकच. दोन असली तर सामूहिक विभाग.”

“तिथे काय असतं?”

“चर्चच्या बायकांच्या गोधड्या. यंदा अकरा.”

“तुझंच लिही,” कोरिन म्हणाली. “टाइल काय, दुकानातही मिळते.”

हार्लनने पेन उघडलं, मिटलं. पोस्टमाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने आधी कोरिनचं नाव लिहिलं, आणि त्याखाली, कमी जागेत, स्वतःचं.

घड्याळ पाचव्या आणि सहाव्या गोधडीच्या मध्ये ठेवलं गेलं. हार्लन जत्रेचे चारही दिवस त्याच्याशेजारी उभा राहिला. येईल त्याला थांबवून सांगायचा, “बगळा हिचा. बाकी सगळं माझं.”

“आणि आतली चौकट?” कोरिन विचारायची.

“ती पण माझीच.”

“माझी टाइल नीट सहा इंची निघाली असती, तर केली असतीस?”

यावर तो पुढच्या माणसाला हाक मारायचा.