‘लागली!’ म्हणून ओरडणारा कप्तान

त्या रविवारी सकाळी सहाला आमच्या दाराची बेल वाजली नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमचे कप्तान भास्करभाऊ कधी फोन करत नसत. ते सरळ येत. चहाचं आधण उकळून अर्धं झालं होतं, सासूबाईंनी त्यांच्यासाठी बशीत खारी काढून ठेवली होती आणि मी माझी पिशवी दुसऱ्यांदा तपासत होते : मुखवटे, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या, आयोडीन. फोन वाजला तो सुमनअक्कांचा, भास्करभाऊंच्या पत्नीचा. “मीना, ते गेले गं… बूट घालत होते. एक घातला, आणि दुसरा हातातच राहिला.” मी गॅस बंद केला. मग विचारलं, “कोणाकोणाला कळवायचंय?” माझं हे असंच आहे. अक्का त्याही स्थितीत म्हणाल्या, “बठ्ठास्ले सांग, सगळ्यांना. पण फोन करू नको, त्यांना आवडायचं नाही. घरी जा.” मग मी सगळ्यांच्या दारी जाऊन आले.

भास्करभाऊ मूळचे पाचोऱ्याकडचे, शेतकरी घरातले. सगळी नोकरी वरणगावच्या आयुध कारखान्यात झाली. निवृत्तीनंतर जळगावात आले आणि वर्षभरात कंटाळले. त्याच सुमारास हायवेवरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, आणि तिथलं पेंटबॉलचं सामान त्यांनी घरी आणलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : बंदुकीसारखं एक यंत्र असतं, त्याला मार्कर म्हणतात. त्यातून रंग भरलेली छोटी गोळी सुटते. अंगावर फुटली की तुम्ही बाद. हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. कॉलनीतल्या लोकांनी त्यांना भरपूर सुनावलं. “भाऊ, या वयात गोळ्या घ्यायच्या असतात, मारायच्या नसतात!” त्यावर भाऊ म्हणायचे, “घेतो ना. सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारी मारतो.” संघाचं नाव त्यांनी ठेवलं ‘जळगाव इलेव्हन’. खेळाडू सात, आणि तेवढेही क्वचितच जमायचे. मी एकदा ही चूक दाखवून दिली, तर म्हणाले, “ताई, नावात तरी माणसं जास्त असू दे.”

मी या खेळात आले तेही नवऱ्याचं नाव काढून टाकायला. प्रशांत दोन रविवार गेला, तिसऱ्या रविवारी त्याचा गुडघा धरला, आणि नाही म्हणायची लाज वाटून त्यानं मला पुढे केलं. मी शाळेच्या कार्यालयात काम करते, नाही म्हणायची मला सवय आहे. मी गेले, नीट मुद्देसूद सांगितलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, अक्कांना चहा टाकायला सांगितलं आणि विचारलं, “तुमच्या शाळेच्या सहली कोण नेतं?” मी म्हटलं, मीच. “मुलं हरवतात का कधी?” मी म्हटलं, एकही नाही. “मग प्रशांतला राहू द्या घरी. तुम्हीच या.” नवऱ्याचं नाव काढायला गेलेली मी स्वतःचं नाव घालून परत आले. प्रशांत आजतागायत हसतो.

असा संघ चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. खेळ शिकवता येतो; माणसं जमवणं हेच खरं काम. कोणाचा कापूस वेचायला आलेला, कोणाच्या साडूच्या मुलाचा साखरपुडा, कोणाच्या बायकोला रविवारचा हा चिखल मान्य नाही. गैरहजेरीची कारणं मी लिहून ठेवू लागले, तर भाऊंनी माझा हात धरला. “कारणं लिहू नका, ताई. लिहिली की पक्की होतात.” त्यांची रीत वेगळी होती. शनिवारी काही बोलायचं नाही. रविवारी पहाटे मोटारसायकलवर निघायचं आणि दारोदार जाऊन चहा प्यायचा. खेळाडूशी नव्हे, घरातल्या थोरांशी बोलायचं. सासूबाईंच्या कंबरेची चौकशी, कोणाच्या आबांच्या मोतीबिंदूची चौकशी… दहा मिनिटांनी घरचेच म्हणत, “अरे ऊठ ना, भाऊ कधीचे बसलेत!” ज्यानं आपल्याकडचा चहा प्यालाय त्याला तोंडावर नाही म्हणणं खानदेशात तरी कोणाला जमत नाही. मैदानावर पोचलं की सगळे आले ना, हे भाऊ बोटानं मोजत आणि विचारत, “बठ्ठा ऊनात ना?”

चुकाही आम्ही अशा केल्या, की त्या दुसरीकडे कोणी केल्या नसत्या. मे महिन्यात इथल्या उन्हानं पेंटबॉलच्या गोळ्या मऊ पडतात. म्हणून भाऊंनी त्या आठवडाभर कूलरसमोर ठेवल्या. अक्का आणि ते स्वतः पंख्याखाली झोपले, गोळ्या गारव्यात. कूलरच्या ओलाव्यानं त्या फुगल्या, आणि धुळ्याचा संघ समोर उभा असताना एकही गोळी नळीत जाईना! धुळ्याचे कप्तान कांतीशेठ, कापडाचे व्यापारी, बारीक अंगाचे आणि नियमाचे पक्के. त्यांनी एक गोळी चिमटीत धरली आणि म्हणाले, “भाऊ, ही गोळी आहे की जांभूळ?” त्या दिवशी सामना झाला नाही. बांधावर तुराट्या पेटवून वांगी भाजली, दोन्ही संघांनी भरीत-भाकरी खाल्ली आणि घरी गेलो. त्यानंतर दोघा कप्तानांनी नियम केला : वर्षातून एक सामना, प्रत्येकी सात खेळाडू. सात नसतील तर सामना नाही. एकमेकांना उसना माणूस द्यायचा नाही. तसं केलं तर ती सहल होते, असं कांतीशेठचं म्हणणं.

दुसरी चूक शर्टांची. रंग उठून दिसावा म्हणून भाऊंनी सगळ्यांना पांढरेशुभ्र टी-शर्ट आणले आणि सामना ठेवला आमच्यातल्या योगेशच्या, चोपडा रस्त्यावरच्या, घड काढून झालेल्या केळीच्या बागेत. लपायला इतकी चांगली जागा नाही. आम्ही खोडांना चिकटून बसलो, सरपटलो, पानं ओढली. घरी आल्यावर पेंटबॉलचा रंग एका पाण्यात गेला, पण केळीच्या चिकाचे काळपट डाग कशानंच निघेनात. मी योगेशला विचारलं, “तू केळी लावतोस ना? सांगायचं नाही का?” तो म्हणाला, “मला वाटलं, भाऊंना माहीत असेल. त्यांनी एवढे पांढरे आणले!” भाऊ मात्र खूश. “आता गणवेश कोणी चोरणार नाही.”

आणि गंमत म्हणजे आमचा कप्तान खेळाडू म्हणून अगदीच सामान्य होता. देह मोठा, लपायचा कुठे? मुखवट्याच्या आत चष्म्यावर वाफ धरायची. बहुधा सगळ्यांत आधी तेच बाद व्हायचे. पण कसे! या खेळात गोळी लागली तरी हळूच रंग पुसून टाकणारे असतात. भाऊंना लागली की ते दोन्ही हात वर करून, बक्षीस लागल्यासारखे ओरडायचे, “लागली!” मग बांधावर बसून हसत राहायचे. आमच्यात सर्वांत पक्का नेमबाज निखिल, औषधाच्या दुकानात काम करतो. तो एकदा चिडला. “भाऊ, कच्चे खेळाडू काढा. आपण जिंकत का नाही?” भाऊ म्हणाले, “काढू. पहिला मला काढ.” निखिल मार्करची नळी पुसू लागला. “आणि मग रविवारी पहाटे तुझ्या आईकडे चहा प्यायला कोण येणार, तेही ठरवून ठेव.”

ते गेल्यावर हेच ठरवायची वेळ आली. कप्तानपद माझ्याकडे आलं, म्हणजे दुसऱ्या कोणी घेतलं नाही. मी माझ्या पद्धतीनं केलं : व्हॉट्सअॅपवर गट, तारीख, वेळ, हजेरीसाठी अंगठा. अंगठे आले सहा. धुळ्याशी वर्षाचा सामना तोंडावर आलेला. सातवा मिळाला नाही, तर यंदा खेळ नाही. आणि एकदा वर्ष चुकलं की असा संघ पुन्हा उभा राहत नाही, हे मला पक्कं कळत होतं. शनिवारी संध्याकाळी मी कांतीशेठना फोन केला. “आमचे सहाच होतात. नियम तुमचाच आहे. सामना रद्द समजा.” ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. मला जरा लागलंच.

रविवारी सकाळी बेल वाजली. मी पदराला हात पुसत दार उघडलं, तर समोर कांतीशेठ! रस्त्यावर क्रूझर गाडी, आणि तिच्यात धुळ्याचे सात जण कपाळावर मुखवटे चढवून बसलेले. शेजारच्या काकू गच्चीतून बघतच राहिल्या. कांतीशेठ आत आले, सासूबाईंना नमस्कार करून त्यांच्या कंबरेची चौकशी करू लागले. मी म्हटलं, “शेठजी, मी काल सांगितलं होतं…” “फोनवर सांगितलं,” ते म्हणाले. “फोनवर कोणी काहीही सांगतं. चहा टाका. आमचे सात पूर्ण आहेत, मी वरचा आहे. मी तुमचा सातवा.” “आणि नियम?” “केला कोणी? मी. दुसरा होता तो बूट घालून पुढे गेला. मग विचारायचं कोणाला?” सासूबाई म्हणाल्या, “मीना, ऊठ ना. पाहुणे कधीचे बसलेत!”

आम्ही अक्कांकडे गेलो. त्यांनी भाऊंचा शर्ट आणून दिला. कांतीशेठच्या अंगात तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता. अक्का तोंडाला पदर लावून हसल्या… त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. योगेशच्या केळीच्या बागेत सामना झाला. कांतीशेठ त्या ढगळ शर्टात खोडामागून डोकावले, आणि त्यांच्याच धुळ्याच्या एका पोरानं पहिल्याच फटक्यात त्यांच्या छातीवर निळा ठिपका उठवला. कांतीशेठनी खाली पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या बारीक आवाजात, पण पूर्ण ताकदीनं ओरडले, “लागली!” निखिल खोडाला टेकून खाली बसला. हसत होता की काय, मुखवट्यामुळे कळलं नाही. मलाही मुखवटा होता, बरं झालं. सामना आम्ही हरलो.

शर्ट धुवायला माझ्याकडे आला. निळा रंग एका पाण्यात गेला. केळीचे डाग आहेत तसेच आहेत. मी घासलेही नाहीत. तो आता माझ्या पिशवीत सगळ्यांत वर घडी करून असतो, सातवा येईल त्याच्यासाठी. हजेरीचा व्हॉट्सअॅप गट मी बंद केला. रविवारी पहाटे स्कूटर काढते. पहिला चहा निखिलच्या आईकडे. ती साखर फार घालते, हे भाऊंनी कधी सांगितलं नव्हतं.