दारातून गेलेला गारवा

तंजावूर शहरातल्या माझ्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. ही मात्र विसरावीशी कधी वाटली नाही. एका निर्दोष माणसाला कोठडीत घालायची सगळी तयारी झाली होती आणि एका बाईंमुळे ते टळलं. त्या बाईंचे उपकार मी आजही मानतो.

बाजार खुला झाल्यानंतरची ती वर्षं. आमच्या ठाण्याच्या हद्दीत रेशमी साड्यांचं एक चार मजली दुकान उभं राहिलं. आत पूर्ण एसी, डोळे दिपतील असे दिवे, आणि आपोआप वर जाणारा जिना. त्या जिन्यावर पाय ठेवायला बायका घाबरत, त्यामुळे तो दिवसभर रिकामाच फिरत असे. लोक दुकानाला मॉल म्हणू लागले आणि मालकांची मान आणखी ताठ झाली.

एक दिवस ठाण्यात निनावी फोन आला. मॉलचा वायरमन दुकानातली वीज चोरून बाहेर देतो, गल्लीकडच्या भिंतीवर वायर दिसेल, एवढं सांगून माणसानं फोन ठेवला. दुपारी मालक स्वतः लेखी तक्रार घेऊन हजर झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तिरुचीला त्यांच्या मेव्हण्याचं एवढंच मोठं दुकान आहे, यंत्रं त्याच कंपनीची, तरी त्याचं विजेचं बिल यांच्यापेक्षा बरंच कमी. वीज मंडळाच्या माणसांनी मीटर तपासला होता, त्यात दोष नव्हता. मग वीज जाते कुठे?

"इन्स्पेक्टर सार, घरातच चोर आहे," मालक म्हणाले.

फोन आणि तक्रार एकाच दिवशी आली की पोलिसाच्या मनात शंका येतेच. फोन दुकानातूनच कुणी केला असावा, असं मला वाटलं. तरीही भिंत बघायला हवी होती. हवालदाराला घेऊन गेलो तर वायर खरोखरच निघाली. ती दुकानाच्या मागच्या खिडकीतून बाहेर येऊन गल्लीत उतरत होती.

वायरमनला बोलावून घेतलं. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. त्याची बायकोही मागोमाग आली आणि ठाण्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राहिली. माझा अनुभव असा की चोर आधी साफ नाही म्हणतो, मग थोडं थोडं कबूल करत जातो. याचं सगळंच उलटं निघालं. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, ते असं:

"दुकानातली वीज बाहेर देतोस?"

"देतो, सार."

"कुणाला?"

"पिळ्ळैयारला, सार."

गल्लीच्या कोपऱ्यावर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, एक छोटी घुमटी होती. तिच्यात त्यानं झिरोचा बल्ब लावून दिला होता.

"त्याचे पैसे कोण देतं?"

"देवाकडं पैसे कसे मागू, सार? कोपऱ्यावर अंधार असतो. येणारीजाणारी अडखळतात."

"आणि बाकीची वीज?"

"मीही शोधली, सार. सापडली नाही."

मी हे मालकांना सांगितलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्याच गणपतीपुढे ते कापूर लावत. आता तक्रारीत लाभार्थी म्हणून कुणाचं नाव घालायचं, असं मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. ते हसले नाहीत. "देवाला पुढे करून हा बाकीचं लपवतोय. गुन्हा दाखल करा," म्हणाले.

कायद्याच्या दृष्टीनं ते चुकत नव्हते. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, पण वायर भिंतीवर होती, पंचनामा झाला असता आणि परवानगीशिवाय घेतलेली वीज ही चोरीच. गुन्हा नोंदला की वायरमनचं लायसन्स जाणार, नोकरी जाणार, आणि तंजावूरमध्ये कुणी त्याला घरातल्या पंख्यालाही हात लावू देणार नाही. वरूनही विचारणा सुरू झाली होती, कारण मालकांची ओळख मोठी. माझं मन मात्र तयार होईना. झिरोच्या बल्बानं मॉलचं बिल फुगत नाही, एवढं मलाही कळत होतं.

तेव्हा मला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाई आठवल्या. आमच्यासारखंच त्यांचं घरही पिढ्यान्पिढ्या इथलं मराठी. पापनाशमकडच्या भातगिरण्यांमध्ये वीज कुठे वाया जाते ते त्या शोधून देत. त्याला एनर्जी ऑडिट म्हणतात, हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. वायरमनला ठाण्यातच बसवून मी त्यांना घेऊन मालकांकडे गेलो. सगळं ऐकून त्या माझ्याशी मराठीत बोलल्या, म्हणजे मालकांना कळू नये.

"अण्णा, त्या वायरमनला इतक्यांत आंत टाकूं नका. दुकान चालूं असतांना मला बघूं द्या."

मालक कुरकुरले, पण चोर सापडेल या आशेनं तयार झाले. बाईंनी एकेक मजला बंद करवून मीटर पाहिला. प्रत्येक मजल्यावर दिवे किती, ते किती तापतात, एसीचं यंत्र मध्ये थांबतं की नाही, सगळं तपासलं. लपवलेली जोडणी एकही निघाली नाही. यंत्र मात्र क्षणभरही थांबत नव्हतं. मग त्या तळमजल्यावर एक स्टूल घेऊन बसल्या आणि बराच वेळ नुसत्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिल्या. मालक माझ्याकडे बघू लागले. एवढं शिकून स्टुलावर बसायचं होतं का, असा तो चेहरा होता.

शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. "बायका लुगडं घेऊन दाराशीं कां जातात, बघितलंत कां?"

मी काय बघणार? माझी बायकोही तेच करते. दिव्याखाली दाखवलेल्या रेशमाच्या रंगावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. लुगडं दारात न्यायचं, उन्हात उलगडायचं, पदर आणि काठ बघायचा, मगच घ्यायचं. गिऱ्हाइकांची ये-जा इतकी, की नोकरांनी दोन्ही दारं दिवसभर लाकडी पाचर मारून उघडी ठेवलेली. त्यात मालकांनी साड्यांची जर चमकावी म्हणून दिवे वाढवले होते. दिवे वाढले तसा बायकांचा संशय वाढला आणि दाराशी गर्दी वाढली. शिवाय दिव्यांची उष्णता वेगळीच.

बाईंनी दुकानातल्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि दाराच्या उंबऱ्याशी खाली धरली. धूर सरळ रस्त्याकडे निघाला. मग तीच उदबत्ती दाराच्या वरच्या चौकटीशी धरली. धूर दुकानात परत आला.

"गारवा खालून बाहेर जातोय, वरून ऊन हवा आत येतेय," त्या तमिळमध्ये मालकांना म्हणाल्या. "तुमचं यंत्र अख्खा रस्ता गार करायला बघतंय. तुमचे मेव्हणे काय विकतात?"

"भांडी," मालक म्हणाले आणि दाराकडे बघू लागले. स्टीलचा डबा उन्हात नेऊन बघायला कुणी जात नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं.

"मग बायकांना उजेडात जाऊ द्यायचं नाही का? माझ्या आजोबांपासून रेशीम असंच दाखवतात," ते म्हणाले.

"जाऊ द्या की. उजेड आत आणा," बाई म्हणाल्या.

त्यांच्या सांगण्यावरून पुढे उत्तरेच्या भिंतीत मोठी काच बसवली, लुगडी बघायची जागा तिथे केली, निम्मे दिवे काढले आणि दारं आपोआप मिटणारी लावली. बिल उतरलं. ही कल्पना आपलीच, असं मालक पुढे लोकांना सांगत. बाई ते ऐकून नुसत्या हसत.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मालक माझ्याबरोबर ठाण्यात आले, तक्रार मागे घेतली आणि वायरमनला म्हणाले, "उद्या वेळेवर ये. पिळ्ळैयारची वायर फार जुनी दिसते, ती बदल." वायरमननं हात जोडले. बायको कडुलिंबाखालून उठली, तिनं त्याचा शर्ट झटकून नीट केला. दोघं पायी घरी गेली.

काही हरवलं, की कुणी नेलं हा प्रश्न आम्हा पोलिसांच्या तोंडी आधी येतो. त्या बाईंनी मला, ते गेलं कुठून हे आधी विचारायला शिकवलं. मला ते फार उपयोगी पडलं. पुढच्या नोकरीत गिरणीतल्या, गोदामातल्या, घरकामाच्या कितीतरी माणसांकडे मालकांनी बोट दाखवलं आणि मी आधी दारं-खिडक्या बघत बसलो. त्यांतली बरीच माणसं त्या रात्री आपापल्या घरी जेवली. त्यांनी या बाईंना कधी पाहिलेलं नाही, आपण कुणामुळे वाचलो हे त्यांना ठाऊकही नाही. त्यांच्या वाटणीचे आभार मीच मानतो.