शेवटच्या गड्यासाठी टाळ्या
संत्रं सोललं की त्या वासासोबत नागपुरातलं ते जवळजवळ रिकामं स्टेडियम आठवतं. माझे बाबा विणकर; दिवसभर माग बंद ठेवून ते मला विदर्भाची मॅच दाखवायला घेऊन गेले होते. समोर नेहमी जिंकणारी मुंबई होती, आणि मी नागपूरचा असूनही मुंबईच्या बाजूने. विदर्भाची एकेक विकेट पडली की मी उड्या मारायचो. विदर्भाचा शेवटचा गडी बाद होऊन परतू लागला, तेव्हा बाबा एकटेच उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला लाज वाटली. "हरलेल्याले टाळ्या काहून वाजवून राहिले?" "जिंकणाऱ्याले वाजवाले सारी दुनिया आहे गा," म्हणत त्यांनी सोललेल्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. आता बाबा नाहीत. आता विदर्भ जिंकतो, आणि मी विदर्भासाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. बाबांना किती बरं वाटलं असतं, असं सगळे म्हणतात. पण पोरगा अजूनही जिंकणाऱ्यालाच टाळ्या वाजवतो, हे बाबांनी लगेच ओळखलं असतं.