डिटेक्टरवरची फुलाफुलांची टोपी

वीब्रेन कुणाच्याही बोटीवर पाहुणा म्हणून गेला, तरी कॉफीच्या आधी गुडघ्यांवर बसायचा. गॅसचा डिटेक्टर कुठे लावलाय ते बघायला. "छताशी कसला लावता? प्रोपेन हवेपेक्षा जड. गळाला की पाण्यासारखा बोटीच्या तळात साचतो," असं तो फ्रीसलँडच्या धक्क्यावर बोटींतच घर करून राहणाऱ्या सगळ्यांना ऐकवायचा. बायको त्शित्स्के म्हणायची, "आमच्या लग्नाच्या फोटोतही हा वाकलेलाच आहे."

एप्रिलमधल्या त्या दुपारी शेगडी पेटवता पेटवता ती थांबली. "वीब्रेन, वास येतोय."

"कालच्या कोबीचा असेल," तो वरून म्हणाला. "गॅस असता तर डिटेक्टर बोंबलला नसता?"

"माझं नाक बोंबलतंय ना!" तिने सिलिंडर बंद केला, बोटीच्या छताची सगळी झाकणं उघडली. वीब्रेन घाईने खाली आला आणि त्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. तिने त्यावर फटकन चापट मारली. "बटणाची ठिणगी पुरते, हे तूच शिकवतोस ना?"

त्याने तळाची फळी उचलली. डिटेक्टरवर त्शित्स्केची अंघोळीची फुलाफुलांची टोपी होती. व्हार्निशच्या वासाने डिटेक्टर केकाटत होता, म्हणून गेल्या आठवड्यात त्यानेच ती चढवली होती. मग विसरला.

"आणि मी ही घरभर शोधतेय," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोघं धक्क्यावर उतरली. शेजारच्या बोटीतून सित्सेने डोकं काढलं. "काय रे, एवढ्या गार वाऱ्यात सगळं उघडं टाकून?"

"व्हार्निश वाळवतोय," वीब्रेन बोलून गेला. त्शित्स्केने टोपीची घडी घातली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मग या चहाला. शेगडी पेटवतोच."

सित्सेच्या बाहीवर व्हार्निशचे डाग होते. डिटेक्टर झाकायची युक्ती त्याला वीब्रेननेच शिकवली होती, मोठ्या ऐटीत.

"थांब! पेटवू नकोस!" वीब्रेन ओरडला. आजूबाजूच्या बोटींतून माणसं डोकावली. "खोटं बोललो मी. आमच्या बोटीत गॅस साचलाय. डिटेक्टर मीच झाकला आणि विसरलो. तुझ्या डिटेक्टरवरची पिशवी काढलीस का?"

सित्सेचं हसू गेलं. तो आत गेला आणि पावाची प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन धक्क्यावर आला. ती त्याने वीब्रेनच्या हातात ठेवली.

"शिवी तरी घाल," वीब्रेन म्हणाला.

सित्से आपला सिलिंडर बंद करायला वळला. तळातला गॅस ठिणगीविना उपसायला वीब्रेन हातपंप आणायला निघाला, सगळ्यांच्या समोरून.