झाकण गार होईपर्यंत

मिस्त्री आधी गाडीला भेटायचे, मग माणसाला. नारायण पेठेतल्या त्यांच्या एका गाळ्याच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली, की तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी तळहाताची उलटी बाजू ते बॉनेटला लावायचे आणि मग माझ्याकडे बघून विचारायचे, "काय केलंत?" 'काय झालं' असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. अनुभवी माणूस.

माझी पहिली कामगिरी पाण्याची. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीतली पातळी खाली गेली, की मी नळाचं पाणी घालायचो. रोज सकाळी, अगदी श्रद्धेनं. आत गंज धरला. "अहो, गाडी आहे ही, तुळस नव्हे," मिस्त्री म्हणाले. "पातळी उतरते म्हणजे कुठंतरी गळतंय, एवढं तरी कळावं की शिकल्या-सवरलेल्या माणसाला." गळका पाइप त्यांनी दोन मिनिटांत शोधला. "पाणी तुम्ही प्या. गाडीला कूलंट द्या."

शहाणा होऊन मी कूलंट विकत आणलं. आत होतं हिरवं, मी आणलं लाल आणि दिलं ओतून. दोन्हींचा मिळून चिखल झाला. मिस्त्रींनी तो बोटावर घेऊन उजेडात धरला. "भेळ छान जमलीय. चिंच जरा कमी पडली."

कळस झाला कात्रजच्या घाटात. काटा लाल रेषेला टेकला, मी तत्परतेनं उतरलो आणि तापल्या रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेनं मनगट भाजलं. फोनवर मिस्त्री फक्त "आलो" म्हणाले. स्कूटरवरून आले, खिशातून मलम काढून माझ्या हाताला लावलं आणि मगच बॉनेटकडे वळले. माणसाला आधी भेटले, ते तेवढं एकदाच.

गाडी परत मिळाली तेव्हा बॉनेटच्या आत एक पट्टी चिकटवलेली होती. 'इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नये. हे तुम्हालाच आहे.'

जुनं कूलंट ते परातीत काढायचे आणि लगेच वर पत्रा ठेवायचे. "गोड लागतं हो हे. गल्लीतली कुत्री पितात, आणि मरतात."

शेवटचं कूलंट भरून त्यांनी झाकण घट्ट लावलं. "दोन वर्षांनी बदला. मी असेन, नसेन."

नव्हते. दोन वर्षं झाली, वर आणखी एक गेलं, तरी मी ते बदललं नाही. गॅरेजच्या जागी मोबाइल-कव्हरांचं दुकान आलं होतं. त्या पट्टीखेरीज मिस्त्रींच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं, माझ्याबरोबर गावभर फिरणारं. तेही काढून टाकायचं?

परवा वारज्याच्या पुलाखाली काटा चढला. बॉनेट उघडलं, सवयीनं हात झाकणाकडे गेला आणि पट्टी दिसली. पाऊण तास थांबलो. मिस्त्री असताना त्यांच्यापाशी मी इतका वेळ कधी थांबलो नव्हतो. किल्ली द्यायची आणि पळायचं.

मग गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजात नेली. एकेकाळचं हिरवंगार कूलंट शिळ्या चहासारखं होऊन परातीत पडू लागलं. थोडं बाटलीत मागून घ्यावं असं वाटलं, पण मिस्त्रींचं "तीर्थ आहे का ते?" आधीच कानात वाजलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिलो.

"अहो, वर काहीतरी झाका," मी म्हणालो. "गोड असतं. कुत्री पितात."

पत्रा परातीमागे टेकवून ठेवलेलाच होता. तो वर सरकवता सरकवता गॅरेजवाला थांबला.

"तुम्हीपण मिस्त्रींकडचे का?"

मी मान हलवली आणि पत्र्याचं दुसरं टोक धरलं.